सोळा रुपयांचा मतदार

आमच्या कोंकणांत देवाला कौल लावण्याची चाल फार जुनी आहे. गुरव देवाच्या अंगावर फुलें किंवा तांदळाचे दाणे चिकटवितो, गाऱ्हाणें घातलें जातें, गांवकरी हात जोडून उभे राहतात, आणि उजवीकडचें फूल आधीं पडतें कीं डावीकडचें इकडे सर्वांचे डोळे लागतात. उजवा कौल मिळाला तर काम हातीं घ्यावयाचें, डावा मिळाला तर थांबावयाचें. पुढें निवडणुका आल्या तेव्हां वर्तमानपत्रांनीं हाच शब्द उचलला आणि ‘मतदारांचा कौल’ हा प्रयोग मराठींत रूढ झाला. शब्द मूळचा अरबी. बोलणें, वचन असा त्याचा अर्थ. मराठेशाहीच्या कागदांत ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास सरकार जें अभयपत्र देई त्यालाहि कौलच म्हणत. राजाचें वचन, देवाचें उत्तर आणि रयतेचा निर्णय ह्या तिन्ही गोष्टींना एकच शब्द पुरावा ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

परंतु देवळांत कौल लावतांना एक गोष्ट आधींपासून ठरलेली असे. गाऱ्हाणें कोणीं घालावयाचें, पुढें कोणीं उभें राहावयाचें, पहिला मान कोणाचा, हें सर्व पिढ्यान् पिढ्या बांधलेलें होतें. मानकऱ्यांचा मान, खोताचा मान. आणि ज्यांना देवळाच्या पायरीपाशींच थांबविलें जाई त्यांना कांहीं विचारण्याची सोयच नव्हती. कौल साऱ्या गांवाचा म्हणावयाचा, परंतु तो विचारणारे चारदोन घरांतले. मताधिकाराचा इतिहास म्हणजे ह्या विचारणाऱ्यांची संख्या कशी वाढत गेली त्याचा इतिहास होय. तो साऱ्या जगाचा सांगूं लागलों तर ह्या भाषणाची वेळ पुरणार नाहीं. म्हणून मी तो मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याचा सांगणार आहें. रत्नागिरी जिल्हा म्हणतांना १९८१ सालीं वेगळा झालेल्या सिंधुदुर्गाचा पुष्कळसा भागहि त्यांत धरावयाचा, कारण ज्या काळाची ही गोष्ट आहे त्या काळीं मालवण-वेंगुर्ले रत्नागिरींतच होतीं.

दहा जणांनीं मिळून निर्णय करावा ही कल्पना आपल्याकडे परकी होती असें मुळींच नव्हे. तामीळ देशांतील उत्तरमेरूर येथें दहाव्या शतकांतील शिलालेख आहेत. त्यांत गांवच्या समित्यांवर माणसें कशीं घ्यावीं, कोण अपात्र ठरावा, नांवाच्या चिठ्ठ्या घटांत घालून त्या कशा काढाव्या, हें सर्व तपशिलानें कोरलेलें आहे. आपल्या देशावर गोतसभा भरत, महजर होत, आणि त्या महजरांवर पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी काढलेली दिसते. बलुतेदारांनींहि आपापल्या हत्याराची निशाणी करावी असा प्रघात होता. अक्षर न येणाऱ्या माणसाची साक्ष चित्रानें नोंदवावी ही युक्ति आपल्याला तेव्हांच सांपडली होती; पुढें तिचें काय झालें तें ओघानें येईलच. मात्र ह्या सभांतून डोकीं मोजण्याची रीत नव्हती. ज्याचें वतन मोठें त्याचा शब्द मोठा. वतनदाराचें एक मत आणि बिगारी वाहणाऱ्याचेंहि एक मत, आणि दोन्हींचें वजन सारखें, ही गोष्ट त्या सभेंत कोणीं बोलून दाखविली असती तर लोकांनीं त्याला वेड्यांत काढलें असतें.

इंग्लंडांतहि तसेंच होतें हें आपण विसरतों. ज्या पार्लमेंटाचें नांव आपल्याकडे इतक्या आदरानें घेतलें जाई त्या पार्लमेंटासाठीं १८३२ पर्यंत मूठभर लोक मत देत. १८३२, १८६७ आणि १८८४ अशा तीन पायऱ्यांनीं तेथील मताधिकार मध्यम वर्गाकडून कारागिराकडे आणि मग शेतमजुराकडे उतरला. गुप्त मतदान १८७२ सालीं आलें. तोंपर्यंत सावकाराच्या आणि जमीनदाराच्या डोळ्यांदेखत मत सांगावें लागे. एकवीस वर्षांवरील झाडून साऱ्या पुरुषांना आणि तीस वर्षांवरील कांहीं स्त्रियांना मत मिळण्यास १९१८ साल उजाडलें, आणि स्त्री-पुरुषांची अट सारखी झाली ती १९२८ सालीं. न्यूझीलंडच्या बायकांनीं ह्या बाबतींत १८९३ सालींच बाजी मारलेली होती. ह्या सर्व वादांत जुन्या पक्षाचें म्हणणें एकच असे: ज्याची देशांत मालमत्ता आहे त्यालाच देशाची काळजी, ज्याच्याजवळ गमावण्यासारखें कांहीं नाहीं त्याचें मत कोणीहि विकत घेईल. हाच विचार बोटीत बसून हिंदुस्थानांत आला.

मुंबई शहरांत १८७२ च्या कायद्यानें म्युनिसिपालिटीच्या चौसष्ट सभासदांपैकीं निम्मे, म्हणजे बत्तीस, करदात्यांनीं निवडावे असें ठरलें. रत्नागिरी शहराची नगरपालिका १८७६ ची. १८८२ सालीं लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव झाला आणि १८८४ च्या कायद्यांनीं नगरपालिकांना व लोकलबोर्डांना निवडणुकीची थोडी हवा लागली. परंतु मुंबईच्या कायदेकौन्सिलांत जी आमची माणसें गेलीं तीं सामान्य जनतेच्या मतानें गेलीं नाहींत. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे दापोली तालुक्यांतील मुरूडचे. १८७४ सालीं ते कौन्सिलांत गेले ते सरकारच्या नेमणुकीनें. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, नामदार गोखल्यांचा गुहागरजवळील कोतळुकचा. टिळक १८९५ सालीं आणि गोखले १८९९ सालीं मुंबई कौन्सिलांत आले ते १८९२ च्या कायद्यानें दिलेल्या आडवळणाच्या निवडणुकीनें. त्यांना निवडणारे होते मध्यभागांतील बोर्डांचे सभासद. म्हणजे रत्नागिरीनें कौन्सिलाला माणसें पुष्कळ पुरविलीं, परंतु रत्नागिरीच्या माणसाला मत देण्याचा प्रसंग आला नव्हता.

तो आला १९१९ च्या सुधारणा कायद्यानें. प्रांतिक कायदेमंडळासाठीं लोकांतून सरळ मतदार नोंदवावयाचे ठरलें, आणि मत कोणाला द्यावें हें पाहण्यासाठीं लॉर्ड साउथबरो ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति साक्षी घेत हिंडली. पुढें जे नियम झाले त्यांप्रमाणें मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागांत निदान बत्तीस रुपये साऱ्याची जमीन ज्याच्याकडे असेल तो मतदार झाला. परंतु त्या नियमांत एक लहानसा अपवाद होता. गुजराथेंतील पंचमहाल, सिंधमधील अपर सिंध सरहद्द आणि आपली रत्नागिरी ह्या तीन जिल्ह्यांसाठीं बत्तिसाच्या ठिकाणीं सोळा हा आंकडा घातला होता.

ह्या सोळा रुपयांपाशीं आपण थोडें थांबूं. ती सवलत होती हें खरें. परंतु ती जिल्ह्याच्या दारिद्र्याची सरकारी पावतीहि होती. ज्यांनीं रत्नागिरी पाहिली आहे त्यांना कातळ सांगावयास नको. भाताचीं खाचरें काय तीं वहाळाच्या कांठानें आणि दोन डोंगरांच्या बेचक्यांत. बाकी सारी वरकस. तिच्यांत नाचणी-वरी पिकवावी आणि मग चारदोन वर्षें ती पडीक टाकावी. अशा जमिनीचा आकार आण्यांत मोजण्यासारखा, आणि तीहि चार भावांत वांटली गेलेली. बत्तीस रुपयांची अट येथें ठेविली असती तर गांवोगांवच्या खोतांपलीकडे आणि बंदरावरच्या कांहीं व्यापाऱ्यांपलीकडे यादीवर फारसें कोणी आलेंच नसतें. सोळा ठेविल्यामुळें यादी थोडी लांबली. तरी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत मिळून ह्या कायद्यानें मत मिळालें तें शेंकडा तीनांच्या आसपास लोकांना. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत ह्याहून फार वेगळें कांहीं होण्याची आशाच नव्हती.

बरें, सोळा रुपयांचा सारा तरी कोणाच्या नांवावर? येथें खोतीचा प्रश्न येतो. जिल्ह्यांतील बहुतेक गांवें खोती पद्धतीचीं. सरकारांत सारा भरण्याची जबाबदारी खोताची. कुळांकडून वसूल करणाराहि तोच. कूळ पिढ्यान् पिढ्या तेंच खाचर नांगरी, तोच बांध घाली, आणि पीक आलें कीं अर्धेलीनें किंवा तिर्धेलीनें खोताच्या खळ्यावर नेऊन टाकी. १८८० चा खोतीचा कायदा होऊनहि ह्या दोघांमधील तंटा मिटला नव्हता. मतदारांच्या नियमांत खोताची स्वतंत्र सोय होती: सरकारसाऱ्याची जबाबदारी घेणारा खोत हा त्या नात्यानेंच मतदार. कुळाच्या हातीं मात्र सोळा रुपये आकाराइतकी जमीन क्वचितच असे. ज्यानें दाणा पिकविला तो यादीबाहेर आणि ज्यानें तो मोजून घेतला तो यादींत, असा हा हिशेब. खोत वाईट आणि कूळ सद्गुणी असें मला म्हणावयाचें नाहीं. खोतांमध्यें विद्येचे आणि देशसेवेचे मोठे आधार निघाले हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मालमत्तेच्या मोजपट्टीनें मत मोजावयाचें ठरलें कीं सज्जन खोतहि कुळाच्या वतीनें बोलूं लागतो, आणि कुळाच्या तोंडून तें ऐकण्याची गरज कोणालाच भासत नाहीं. खरा दोष असलाच तर तो येथें आहे.

एका गरीब वर्गाला मात्र ह्या नियमांनीं आडवाटेनें दार उघडलें. सरकारी फौजेंतून निवृत्त झालेल्या किंवा पेन्शन घेतलेल्या शिपायाला जमिनीची अट नव्हती. दापोली हें अशा पेन्शनरांचें जुनें ठिकाण. मराठ्यांतील आणि महारांतील कितीतरी घरें फौजेच्या चाकरीवर उभीं राहिलेलीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे निवृत्त झाल्यावर कांहीं काळ दापोलीसच राहिले होते, आणि त्यांचें मूळ गांव आंबडवे हें मंडणगड तालुक्यांतलें. गांवांत ज्याची सावली वर्ज्य तो सरकारच्या यादीवर मतदार, हें दृश्य लोकांनीं ह्या कलमामुळें प्रथम पाहिलें असेल. परंतु लष्करांत महारांची भरती सरकारनें आधींच बंद केली असल्यामुळें हेंहि दार दिवसेंदिवस अरुंद होत गेलेलें होतें.

आतां ह्या जिल्ह्याची खरी गंमत, किंवा खरें दुःख, पुढेंच आहे. रत्नागिरी हा जिल्हा जसा रत्नागिरींत राहत होता तसाच तो मुंबईंतहि राहत होता. १९११ च्या जनगणनेच्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांतील जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. परळ-लालबागच्या चाळींतून एकेका खोलींत दहा-दहा, बारा-बारा चाकरमानी पथारी टाकीत. जेवण खानावळींत, पगार मनिऑर्डरीनें गांवाला, आणि गौरी-गणपतीला किंवा शिमग्याला बोटीनें घर. ह्या माणसाला मत कोठें? मुंबई शहरांत मतासाठीं निदान दहा रुपये महिना भाड्याच्या जागेची अट होती. गिरणगांवांतील एका खोलीचें भाडें सामान्यतः त्याच्या आंतच असे, आणि तेंहि एकाच्याच नांवानें. बाकीचे अकरा कायद्याच्या दृष्टीनें कोठेंच राहत नव्हते. आणि गांवीं पाहावें तर जमीन खोताची, नाहींतर थोरल्या भावाच्या नांवानें, आणि एकूण सारा सोळा रुपयांना न पोंचणारा. मुंबईच्या यादींत त्याला जागा नाहीं, कारण तो गांवचा. गांवच्या यादींत नाहीं, कारण त्याच्या घामाचा पैसा मुंबईंत मिळतो आणि सारा त्याच्या नांवें नाहीं. इकडे लँकेशायरच्या गिरणींत तेंच सूत कातणाऱ्या पुरुषाला १९१८ मध्यें मत मिळून चुकलें होतें. लालबागच्या कामगाराला तें मिळण्यास आणखी तीस वर्षें लागलीं.

आणि बायका? मुंबई कायदेमंडळानें १९२१ सालीं ठराव करून स्त्री म्हणून असलेली अपात्रता काढून टाकली. मद्रासनें तें त्याच सालीं थोडें आधीं केलें होतें. ठराव चांगलाच होता. परंतु अटी त्याच राहिल्या. सारा नांवावर हवा, घर नांवावर हवें. कोंकणांत घर सांभाळणारी, शेत लावणारी, मनिऑर्डरीची वाट पाहणारी आणि पोस्टमनच्या कागदावर अंगठा उठविणारी बाई. पण सातबाऱ्यावर तिचें नांव असणार तें विधवा झाल्यावर, तेंहि दिरांनीं येऊं दिलें तर. पुरुष मुंबईंत म्हणून यादींत नाहीं, बाई गांवांत आहे परंतु तिच्या नांवें कांहीं नाहीं म्हणून यादींत नाहीं. जिल्ह्याचें घर ज्या दोघांवर उभें होतें त्या दोघांनाहि सोळा रुपयांच्या नियमानें अशा रीतीनें वगळलें.

हें वगळणें चुकून झालेलें नाहीं, तें अटीच्या पोटांतच आहे, हें ज्यांनीं फार लवकर ओळखलें त्यांत डॉ. आंबेडकर प्रमुख होत. २७ जानेवारी १९१९ रोजीं त्यांनीं साउथबरो समितीपुढें साक्ष दिली. तेव्हां ते अठ्ठावीस वर्षांचेहि झालेले नव्हते. अस्पृश्यांना मताची अट जितकी खालीं आणतां येईल तितकी आणावी, असें त्यांचें मागणें होतें. त्यामागचा विचार सरळ आहे: ज्याला धंदा करूं देत नाहींत, विहिरीवर येऊं देत नाहींत, त्याच्याजवळ मालमत्ता जमणार कोठून, आणि ती नाहीं म्हणून मत नाहीं असें म्हणणें म्हणजे एका अन्यायावर दुसरा अन्याय रचणें. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनींहि ह्या समितीपुढें साक्ष दिली होती. दोघांचे मार्ग वेगळे, परंतु प्रश्नाची निकड दोघांनाहि सारखीच वाटत होती. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर मुंबई कायदेमंडळांत आले ते मंडलिकांप्रमाणेंच सरकारच्या नेमणुकीनें, कारण ज्यांच्या वतीनें ते बोलणार होते त्यांच्याजवळ निवडून पाठविण्याइतकीं मतें नव्हतीं. सायमन कमिशनच्या वेळीं प्रांतिक समितीच्या बहुमताशीं न पटल्यामुळें त्यांनीं १७ मे १९२९ रोजीं आपला स्वतंत्र अहवाल दिला, आणि त्यांत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत असावें अशी स्पष्ट मागणी केली. मोतीलाल नेहरूंच्या १९२८ च्या अहवालानेंहि प्रौढ मताधिकार मान्य केला होता, आणि १९३१ च्या कराचीच्या अधिवेशनांत काँग्रेसनें त्यावर शिक्कामोर्तब केलें.

सरकार इतकें पुढें गेलें नाहीं. १९३५ च्या कायद्यानें मुंबई प्रांतांत साऱ्याची अट आठ रुपयांवर आणली, मॅट्रिक झालेल्यास मत दिलें, आणि स्त्रियांना साक्षरतेच्या किंवा पतीच्या मालमत्तेच्या आधारें यादींत घेतलें. शेंकडा तिनांचे शेंकडा चौदांच्या आसपास झाले. म्हणजे सोळांचे आठ झाले. परंतु माणसाकडे पाहण्याची दृष्टि तीच राहिली.

तरीहि ह्या आठ रुपयांनीं रत्नागिरींत कांहीं हालविलें. १९३७ च्या निवडणुकींत मुंबई प्रांतांत एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघांसाठीं एक निराळी पद्धत होती: जितक्या जागा तितकीं मतें, आणि तीं सारीं एकाच उमेदवाराच्या पदरांत टाकण्याची मोकळीक. थोड्या लोकांनीं एकजूट केली तर त्यांचा माणूस निवडून येऊं शके. डॉ. आंबेडकरांनीं आदल्याच वर्षीं काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षानें ह्या पद्धतीचा चांगला उपयोग केला. खोतीविरुद्ध कोंकणांत झगडणारे अनंतराव चित्रे त्या पक्षातर्फे विधानसभेंत आले. आणि त्याच वर्षीं, १७ सप्टेंबर १९३७ रोजीं, डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें बिल सभागृहांत मांडलें. १० जानेवारी १९३८ रोजीं कोंकणांतील आणि इतर भागांतील हजारों शेतकरी मुंबईंत विधानसभेवर चालून आले. त्यांतले किती जण यादीवर होते कोण जाणे! बहुतेक नसतील. परंतु आपल्या खळ्यावरचा तंटा सभागृहांत बोलला जात आहे, आणि तो बोलण्यासाठीं आपण माणूस पाठवूं शकतों, हें त्यांना त्या दिवशीं समजलें. बिल पास झालें नाहीं. पुढें युद्ध आलें, मंत्रिमंडळानें १९३९ सालीं राजीनामा दिला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. तें साल आणि प्रौढ मताधिकार घटनेंत येण्याचें साल एकच आहे. हा निव्वळ योगायोग असें मला वाटत नाहीं. ज्यांच्यापुढें दोन वर्षांनीं मतासाठीं जावयाचें त्या कुळांचें गाऱ्हाणें मुंबईच्या सभागृहाला आतां पूर्वीपेक्षां मोठ्यानें ऐकूं येऊं लागलें असलें पाहिजे.

स्वराज्यानंतरची हकीकत तशी पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. मुंबई महानगरपालिकेची १९४८ ची निवडणूक प्रौढ मताधिकारानें झाली, आणि चाळींतल्या त्या बारांपैकीं उरलेल्या अकरा जणांनाहि प्रथमच दार उघडलें. घटना अमलांत येण्याच्या दोन वर्षें आधींपासूनच देशभर मतदारांच्या याद्या करण्यास आरंभ झाला होता. एकवीस वर्षें पूर्ण झालेलीं सर्व माणसें; ना सारा, ना भाडें, ना शाळेचा दाखला. त्या वेळच्या सूचनांत एका ठिकाणीं निदान १८० दिवस राहण्याची अट होती. निर्वासितांसाठीं ती शिथिल केली: येथेंच कायमचें राहण्याचा आपला विचार आहे एवढें त्यांनीं लिहून द्यावें कीं नांव दाखल. घर नाहीं, गांव नाहीं, कागद नाहीं, तरी मत आहे ही गोष्ट १९२० च्या नियम करणाऱ्यांना समजलीच नसती.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरापासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. मतदार सतरा कोटींवर, आणि देशांत साक्षर शेंकडा अठरांच्या आसपास. उत्तरेकडील प्रांतांत लक्षावधि बायकांनीं यादी करणाऱ्यास स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेंच सांगितलें. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनीं अशीं सुमारें अठ्ठावीस लक्ष नांवें घेण्याचें नाकारलें. त्यांच्यावर टीका झाली. परंतु मत बाईचें असेल तर नांवहि बाईचेंच हवें, हा त्यांचा आग्रह मला योग्य वाटतो. आणि अक्षर न येणाऱ्यांसाठीं काय केलें? प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, आणि पेटीवर चित्र: बैलजोडी, झोपडी, झाड. महजरावर नांगराची निशाणी काढणाऱ्या पाटलाचे वंशज आतां चित्र पाहून पेटी निवडीत होते, आणि त्यांच्या मागें रांगेंत, तोच कागद हातांत घेऊन, पूर्वी ज्याला पायरीपाशीं उभें करीत तो उभा होता. रत्नागिरी उत्तर मतदारसंघांतून त्या वर्षीं आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले लोकसभेंत गेले. १९५७ मध्यें संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटलेला असतांना ह्याच कोंकणानें राजापुराहून नाथ पै ह्यांना पाठविलें. वयाची अट पुढें एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें १९८९ पासून अठरावर आली.

ह्या सर्वांत रत्नागिरीच्या यादींत घडलेला फरक मला सर्वांत मोठा वाटतो तो असा. जेथें पुरुष परगांवीं आणि बायका घरीं त्या जिल्ह्यांत माणसें मोजूं लागलें म्हणजे बायका अधिक निघणारच. २०११ च्या जनगणनेंत रत्नागिरी जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रांत इतकें प्रमाण दुसऱ्या कोणत्याहि जिल्ह्याचें नव्हतें. सोळा रुपयांच्या यादींत जिचें नांव जवळजवळ नव्हतेंच, तिचें पारडें प्रौढ मताधिकारानें जड केलें.

राहतां राहिला चाकरमानी. त्याला मत मिळालें. परंतु तें कोठें द्यावयाचें हा त्याचा जुना प्रश्न सुटला असें म्हणतां येत नाहीं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणें माणसाचें नांव एकाच मतदारसंघाच्या यादींत असूं शकतें, आणि तेंहि जेथें तो सामान्यतः राहतो तेथें. केवळ एखाद्या ठिकाणीं घर मालकीचें आहे एवढ्यानें माणूस तेथला रहिवासी ठरत नाहीं, असें तो कायदा स्पष्ट म्हणतो. आणि थोड्या दिवसांसाठीं कोणी बाहेर गेला म्हणून त्याचें राहणें तुटत नाहीं, असेंहि म्हणतो. १९२० सालीं राहत्या माणसापेक्षां त्याच्या घराला आणि साऱ्याला मान होता. आतां नुसत्या घराला मान नाहीं. न्याय म्हणून हें बिनतोड आहे. पण ज्याची चूल डोंबिवलीस आहे आणि ज्याची पालखी, ज्याचें खाचर, ज्याचा भावकीचा तंटा राजापुरांत आहे, त्यानें आपण सामान्यतः कोठें राहतों ह्याचें उत्तर काय द्यावें? पुष्कळांनीं शहराच्या यादींत नांव घातलें आहे. पुष्कळांनीं तें हट्टानें गांवींच ठेविलें आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक आली कीं ते रात्रीच्या गाडीनें उतरतात, सकाळीं शाळेंतल्या केंद्रावर रांगेंत उभे राहतात, दुपारीं देवळांत जाऊन येतात आणि संध्याकाळच्या गाडीनें कामावर परत जातात.